करंजाखालचे मासे

मेलेला मासा पाण्यात रात्र काढत नाही, असं आमच्या घरात मानतात. जाळ्यात आला तर तो अन्न. आपला आपण मेला तर दिवस मावळायच्या आत त्याला पाण्याबाहेर काढायचं आणि मातीत पुरायचं. विकायचा नाही, खायचा नाही, कुत्र्यालाही घालायचा नाही. लहानपणी मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ह्याचं कारण विचारलं होतं. ते जाळं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तुझ्या अंथरुणात कुणी मढं ठिवलं तर झोपशील का तू? मग पाण्यानं कसं निजायचं?"

ऋचाच्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी गेले, ती उन्हाळा सरेपर्यंत राहिले. माहेर चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या वाडीत. भिंतीच्या पलीकडे शेडच शेड, अलीकडे पाझर तलाव, आणि तलावाच्या काठावर आमचं घर आणि करंजाचं झाड. आम्ही भोई. आजोबा मोशीला नदीत मासे धरायचे. आबांनी माझं नाव इंद्रायणी ठेवलं तेव्हा नदीत मासे होते. मी ते नाव लिहायला शिकले तोवर नदीवर फेस यायला लागला होता, आणि आबा जाळी बैलगाडीत घालून इकडे तलावावर आले होते.

तलाव सरकारचा, ठेका मच्छीमार संस्थेचा. संस्थेत नावं पुष्कळ, पण पाण्यात उतरणारे आबा एकटेच. बाकीच्यांची मुलं शिफ्टला जातात, कुणाची चिखलीत वर्कशॉपं आहेत. आणि मत्स्य खात्याचा नियम असा, की सभासद क्रियाशील पाहिजे. त्यानं वर्षभरात मासे धरलेले कागदावर दिसले पाहिजेत. नाही दिसले तर तो मच्छीमार नाही, आणि मच्छीमारच उरला नाही तर संस्थेला ठेका नाही. आबांच्या जाळ्यावर सगळी संस्था तगून होती. अध्यक्ष दौलतराव कंपन्यांना मजूर पुरवायचे; ते आले की ओट्यावर बसून म्हणायचे, "धोंडीबा, तू शिंकलास तरी आख्ख्या संस्थेला सर्दी हुती बघ."

"मग काढा द्या की आणून," आबा म्हणायचे.

श्रावणात सरकारी केंद्रातून अनुदानाचं बीज आलं होतं. बीज म्हणजे बोटाएवढी पिल्लं, बोटुकली म्हणतात त्यांना. हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येतात. मी तेव्हा पोटुशी, सहज भेटायला गेले होते. आईनं मला पाण्यात उतरू दिलं नाही, म्हणून एक पिशवी मांडीवर घेऊन मी बांधावरच बसले. पिशवीतून ती पिल्लं माझ्या पोटाला धडका देत होती, आणि आतून ऋचा. मी आबांना तसं सांगितलं. ते कमरेइतक्या पाण्यातून माझ्याकडे बघून हसले. पुढे ती जन्मली तेव्हा त्यांनी तिला चिंगळीच म्हणायला सुरुवात केली. बारशाला ठेवलेलं नाव त्यांच्या तोंडात कधी बसलंच नाही.

त्या वर्षी ठेक्याचं शेवटचं वर्ष होतं. उन्हाळ्याच्या अखेरीला मासे निघाले की नूतनीकरणाचा अर्ज जायचा होता. मासे चांगले पोसले होते. आबा रोज संध्याकाळी पेंड टाकायला जायचे आणि परत येऊन ऋचाला सांगायचे, "चिंगळे, तुझ्या बरोबरीची पोरं बघ कशी झाल्यात. तू मातुर दूध पिऊन अजून हाईस तेवढीच."

वैशाखातल्या एका शनिवारी, नुकतं उजाडल्यावर, मी ऋचाला कोवळ्या उन्हात घेऊन ओट्यावर बसले होते. ती तेव्हा हसायला शिकली होती. कुणाकडेही बघून हसायची, भिंतीकडे बघूनसुद्धा. मी तिचा फोटो काढून सलिलला पाठवला. माझा नवरा तेव्हा रावेतला आमच्या फ्लॅटवर, शिफ्ट संपवून नुकताच आलेला. लगेच उत्तर आलं. 'किती गोड हसतेय. मागे पाण्यावर पांढरं काय आहे? ऊन चमकतंय का?'

मी मान वर करून बघितलं. तलावाच्या सगळ्या कडेनं माशांची पांढरी पोटं वर आली होती.

आबा आधीच पाण्यात उभे होते. काही मासे अजून जिवंत होते, तोंडं पाण्याबाहेर काढून हवा गिळत होते. नाल्याच्या तोंडाशी पाण्यावर निळसर तवंग होता आणि वास येत होता, बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात येतो तसा. त्या नाल्याला सगळ्याच भिंतींतून पाइप येऊन मिळतात. कुणाचं पाणी कुठलं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "इंदे, लेकराला आत घे. दार लाव."

मग त्यांनी खात्याच्या ऑफिसला फोन लावला. सुट्टीचा दिवस, नुसतीच रिंग वाजत राहिली. दौलतरावांना लावला. पलीकडून बँडचा आवाज आला.

"लग्नात हाय रं मी. सोमवारी ऑफिस उघडलं की मॅडमला सांगतो. तवर तू बघ काय ते."

तवर तू बघ. आबांनी बघितलं, त्यांना येत होतं तसं. पहिल्यांदा पोत्यांत माती भरून नाल्याचं तोंड बुजवलं. मग आईला हाक मारली. दोघांनी जाळं ओढायला सुरुवात केली. दर वर्षी ह्याच दिवसांत ओढायचे तेच जाळं. आई काठावर मासे ओतायची, आबा घमेल्यात भरून करंजाखाली न्यायचे. दुपारी उन्हाचा कहर झाला, तरी दोघं थांबली नाहीत. मी ऋचाला पाजत खिडकीतून बघत होते. रोहू आणि कटला एवढे मोठे झाले होते, की घमेल्याबाहेर शेपट्या लोंबत होत्या.

तिसऱ्या प्रहरी बातमी पसरली आणि भिंतीपलीकडच्या खोल्यांतून माणसं पिशव्या घेऊन आली. दूरदेशची पोरं, कंत्राटावर आलेली. "चाचा, ताजा तो है. एक तो दे दो." आबांनी कुदळ आडवी धरली आणि झाडापुढे उभे राहिले. "न्हाई. मर जाओगे. बच्चे है ना घर में?" त्यांचं हिंदी इतपतच. एक जण चिडून म्हणाला, एवढे मासे जमिनीत घालतोस, म्हातारा वेडा झालाय. आबा हलले नाहीत. शेवटची पिशवी परत जाईपर्यंत तसेच उभे राहिले.

दिवस कलायला आला तेव्हा करंजाखाली खणलेला खड्डा भरला होता. पाणी सुधारायला टाकायचा चुना घरात होता, तो आबांनी वरून पसरला. वास येऊ नये, कुत्री उकरू नयेत म्हणून. मग आई घरात आली. फळीवरून मिठाची बरणी काढली, हळदकुंकवाचा करंडा घेतला आणि बाहेर गेली. मी दारात उभी राहून बघितलं. ती खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसली आणि मुठीमुठीनं मीठ टाकायला लागली, हळूहळू, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, कुणाला पांघरूण घालावं तसं.

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. बारशाआधीच गेला. आमच्यात तान्ही मुलं जाळत नाहीत, पुरतात, आणि वर मीठ घालतात. नदीच्या ज्या काठाला त्याला ठेवलं तिथून आता रस्ता गेलाय. आई त्याच्याबद्दल कधी बोलली नाही. हे मला आत्याकडून कळलेलं. पण त्या संध्याकाळी तिचा हात बघून मला कळलं, की हे काम तिनं आधी केलेलं आहे. मी ऋचाला छातीशी घट्ट धरलं. जरा जास्तच घट्ट, कारण ती रडायला लागली.

मंगळवारी खात्याची गाडी आली. अधिकारी होत्या निवेदिता मॅडम, माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. बरोबर दौलतराव. मॅडमनी आल्या आल्या ऋचाच्या गालाला बोट लावलं. "माझाही एवढाच आहे. आजीपाशी ठेवून येते." मग त्या बांधावर चढल्या आणि थांबल्या. तलाव स्वच्छ होता. तवंग विरून गेला होता, कडेला एक खवला दिसत नव्हता.

"काका, मासे कुठे आहेत?"

"पुरले."

"सगळे?"

"मग? निम्मे ठिवायचे व्हते का?"

दौलतरावांनी कपाळाला हात लावला. "धोंडीबा, अरं मला इचारायचं तरी."

"इचारलं की. तुमच्याकडं बँड वाजत व्हता."

मॅडम आबांसमोर बांधावरच बसल्या. चांगल्या होत्या त्या, हे मी आजही म्हणेन. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. पंचनाम्याला मेलेले मासे डोळ्यांनी दिसावे लागतात, पाण्याचा नमुना त्याच वेळचा लागतो. पंचनामा झाला तर ह्या वर्षीचं उत्पादन आपत्तीत धरलं जातं, ठेक्याला मुदत मिळते, बीजही पुन्हा अनुदानावर मिळतं. "आणि पंचनामा झाला नाही, तर कागदावर तुम्ही वर्षभर मासाच धरला नाही असं होतं, काका."

"म्हंजी मी भोई न्हाई."

"कागदावर."

 आई म्हणाली, "आन् पाण्यात सडू दिलं असतं तर?"

मॅडमनी मान खाली घातली. "तर मला दिसलं असतं, मावशी."

 भिंतीपलीकडे जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. मग मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, फोटो काढलात का एखादा? मी मोबाइल पुढे केला. एकच होता. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, ऋचाचं हसू बाजूला सारून मागचं पाणी बघितलं, अजून मोठा केला. पांढरं ते नुसतं पसरत गेलं.

"ऊनच वाटतंय हो," त्या म्हणाल्या. मोबाइल परत देताना म्हणाल्या, "ठेवा मात्र हा. छान आलाय."

मग त्यांनी करंजाकडे बघितलं. "खड्डा उघडता येईल? एक टोपलं जरी मासे ओळखू येण्यासारखे मिळाले, तर मी लिहीन. जबाबदारी माझी."

आई म्हणाली, "पुरलेलं उकरत न्हाईत, मॅडम."

"छबूबाई, ठेक्याचा सवाल हाय," दौलतराव म्हणाले. "एकट्या तुमचा न्हाई, समद्यांचा."

 आबा तलावाकडे बघत होते. त्यांचा ओठ वाळलेला होता, आणि शनिवारपासून त्यांनी दाढी केलेली नव्हती. एकदम म्हातारे दिसत होते. मग ते उठले, भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं.

"अवं," आई म्हणाली. फार हळू. "मीठ घातलंय मी."

"म्हाईत हाय," आबा म्हणाले, आणि करंजाखाली गेले.

आईनं माझ्या हातातून ऋचाला घेतलं, घरात गेली आणि दाराकडे पाठ करून बसली. फावड्याचा आवाज आत येत राहिला. प्रत्येक आवाजाला तिची पाठ किंचित हलायची, तरी ती मांडीवरच्या ऋचाला झोका देतच होती.

वैशाखाची माती, तापलेली. त्यात चुना. वास आला तसे दौलतराव लांब जाऊन उभे राहिले. मॅडमनी नाकाला रुमाल लावला, आणि आबांचं तोंड उघडंच आहे हे बघून काढून टाकला. खड्ड्यात मासे नव्हते. पांढरट चिखल होता, मधे मधे काटे, आणि सुटे झालेले खवले उन्हात चमकत होते. आबांनी फावडं टाकलं आणि हातानं चाचपत एखादा सबंध मासा शोधायला लागले. एक डोकं हाती आलं, रोहूचं असावं. ते त्यांनी दोन्ही तळहातांवर धरून मॅडमपुढे केलं, आणि तिथंच ते सुटून पडलं.

"चुना कुणी घातला?"

"आमीच."

"काका, आता नमुन्यात चुनाच येणार. उद्या ते म्हणतील, मासे चुन्यानंच मेले."

"मेलेल्या माशाला चुना घातला, मॅडम."

"मला माहीत आहे. लिहू कसं?"

त्यांनी जेवढं लिहिता येत होतं तेवढं लिहिलं आणि वाचून दाखवलं. मासे पुरलेल्या स्थितीत आढळले. जात आणि संख्या निश्चित करता आली नाही. मृत्यूचं कारण सांगता येत नाही. आबांनी ऐकून मान हलवली. "बराबर लिवलंय," म्हणाले. हात धुऊन सही केली. मग विचारलं, "झाकू का आता?"

गाडी गेली. आबांनी माती लोटली. आई बाहेर आली, बरणीत उरलेलं सगळं मीठ पुन्हा त्या मातीवर पसरलं, आणि आबांकडे न बघता आत गेली. त्या दिवशीच्या आमटीत मीठ नव्हतं. तिघांनीही मुकाट्यानं खाल्ली.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. पावसाळ्यात संस्थेची बैठक झाली. क्रियाशील सभासदांत कुणाचंच नाव लागलं नाही. मॅडमनी वरती एक पत्रही लिहिलं होतं म्हणे. त्याचं उत्तर आलं नाही. ठेका निविदेत गेला, चाकणच्याच एका व्यापाऱ्यानं घेतला. तलावाभोवती तारा आल्या, 'परवानगीशिवाय आत येऊ नये' अशी पाटी आली, आणि ती लागली नेमकी करंजाला. दौलतरावांना वाईट वाटलं असावं. ते एकदा ओट्यावर येऊन म्हणाले, "नव्या मालकाला राखणीला माणूस पाहिजे. तुझं वळखीचं पाणी हाय. नुसतं बसायचं."

"मासा मेला तर पुरायची मुभा हाय का?" आबांनी विचारलं.

दौलतराव हसायला गेले, आणि मग त्यांना हसता आलं नाही.

आबांनी ती नोकरी घेतली नाही. जाळी माळ्यावर गेली. आई कामापुरतं बोलायची. चहा ठिवलाय, गोळी घेतली का, एवढंच. मी रावेतहून रोज फोन करायचे. आबांना विचारलं काय करताय, तर म्हणायचे, "बसलोय." चिंगळीचा आवाज ऐकव म्हणायचे. मी मोबाइल तिच्या तोंडाशी धरायचे. ती श्वास घ्यायची नुसती, आणि ते ऐकत राहायचे.

दिवाळीनंतर ऋचा धरून धरून उभी राहायला लागली. आमच्या घरात मूल जमिनीवर पहिलं पाऊल टाकायच्या आधी त्याचे पाय पाण्यात बुडवतात. घरातला जो पाण्यात उतरतो, त्यानं धरून बुडवायचे. मला आबांनी बुडवलं होतं, इंद्रायणीत. आईनं फोनवर विचारलं, "आणतीस का तिला इकडं?" मागून आबांचा आवाज आला, "इकडं नगं. आपुनच जाऊ."

दोघं आली. आबांनी धुतलेलं धोतर, टोपी. लिफ्टमध्ये आईनं त्यांचा हात धरला होता, असं सलिल नंतर म्हणाला. मी गॅलरीत ऋचाच्या अंघोळीचा टब भरून ठेवला होता. निळा, त्यावर बदकं काढलेली. आबा टबाशी उकिडवे बसले आणि त्यांनी तळहात पाण्यावर ठेवला, तलावावर सकाळी ठेवायचे तसा. मग हाताचा वास घेतला.

"औषध हाय ह्यात."

"नळाचं पाणी आहे आबा. क्लोरीन असतं."

"बाधत न्हाई ना?"

"नाही. तेच पितो आम्ही."

त्यांनी पुन्हा हात बुडवला आणि तसाच ठेवला. मी ऋचाला पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

"जो पाण्यात उतरतो त्यानं धरायचं असतं," ते म्हणाले. "सलिलरावांना सांग. न्हाईतर तुझ्या सासऱ्यांना. मी आता कुठं उतरतो."

खालच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. सलिल माझ्याकडे बघायला लागला, मी आईकडे. आई उंबऱ्यात उभी होती. ती पुढे आली, आबांच्या शेजारी खाली बसली आणि त्यांच्या धोतराचा सोगा वर खोचायला लागली, एका पायाचा, मग दुसऱ्या पायाचा. 

"उतरा," ती म्हणाली.

आबांनी तिच्याकडे बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"उतरा म्हणते ना. पोरगी खोळंबली."

आबा तिच्या खांद्याला धरून उठले आणि टबात उभे राहिले. टब लहान, पाय मोठे. एकाला एक लागून कसेबसे मावले. घोट्याएवढं पाणी. मी ऋचाला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तिला काखांत धरून खाली सोडलं, आणि तिचे पाय त्यांच्या पायांवर टेकले. ती हसली, भिंतीकडे बघून हसायची तशीच. पाय आपटायला लागली. पाणी आबांच्या धोतरावर उडालं, आईच्या तोंडावर उडालं.

"झालं, आबा," मी थोड्या वेळानं म्हणाले. "या बाहेर. गार वाटेल तिला."

"व्हय," आबा म्हणाले. पण ते बाहेर आले नाहीत. खाली मान घालून पाण्याकडे बघत राहिले. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि मला हातानंच खूण केली, असू दे.